इनहिबिटरी न्यूरॉन्स कॉर्टेक्समध्ये नेमकं करतात काय? गुगल शीट उघडा आणि स्वतः करून बघा

इनहिबिटरी न्यूरॉन म्हणजे मेंदूचा ब्रेक, हे वाक्य इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्यावर शंकाच येत नाही. ब्रेक दाबला की गाडी हळू होणार, इनहिबिशन वाढवलं की नेटवर्क शांत होणार, संपला विषय. पण खऱ्या कॉर्टेक्समध्ये जेव्हा लेझर टाकून इनहिबिटरी पेशींना मुद्दाम जागं केलं जातं तेव्हा बऱ्याचदा त्या पेशींचं स्वतःचंच फायरिंग, म्हणजे विजेचे छोटे ठोके (स्पाइक्स) देणं, कमी झालेलं दिसतं. म्हणजे ढकललं वर आणि गेलं खाली. हे का होतं ते नुसतं वाचून डोक्यात बसत नाही, आकडे हलताना बघावे लागतात, आणि त्यासाठी कोडिंग यायची अजिबात गरज नाही, एक रिकामं गुगल शीट किंवा एक्सेल आणि एक मोकळी दुपार पुरते. बीएस्सी-एमएस्सीची मुलं, न्यूरोसायन्सकडे वळू पाहणारे इंजिनियर, किंवा नुसती उत्सुकता असलेलं कुणीही हे करू शकतं. खालचे सगळे आकडे मी गणित करून तपासलेत त्यामुळे तुमच्या शीटमध्ये वेगळं काही आलं तर फॉर्म्युला टाइप करताना काहीतरी सुटलंय असं समजा.

आधी थोडं जीवशास्त्र, यापेक्षा जास्त आत्ता लागणार नाही

सेन्सरी कॉर्टेक्स म्हणजे डोळे, कान, त्वचा इथून आलेली माहिती जिथे पोचते तो मेंदूच्या वरच्या थराचा भाग. आपण डोक्यात व्ही-वन धरून चालू, म्हणजे पहिला व्हिज्युअल कॉर्टेक्स, कारण ह्युबेल आणि वीझल यांनी १९५९ पासून मांजराच्या व्ही-वनमध्ये काम सुरू केलं (त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं) तेव्हापासून सगळ्यात जास्त प्रयोग तिथेच झालेत, आधी मांजरावर आणि आता बहुतेक उंदरावर.

तिथल्या दर १०० न्यूरॉन्समधले साधारण ८० एक्सायटेटरी असतात, ते ग्लुटामेट सोडतात आणि पुढच्या पेशीला फायर करायला ढकलतात. उरलेले साधारण २० इनहिबिटरी, ते गाबा सोडतात. गाबा-ए रिसेप्टर उघडला की प्रौढ न्यूरॉनमध्ये क्लोराइडला वाट मिळते आणि पेशीचं व्होल्टेज फायरिंगच्या उंबरठ्यापासून लांब धरलं जातं. संख्येने २० टक्के असले तरी या पेशी भराभर फायर करतात आणि आजूबाजूच्या जवळजवळ प्रत्येक एक्सायटेटरी पेशीला जोडलेल्या असतात, त्यामुळे संख्येवरून त्यांचं वजन ठरवू नका.

या २० मध्ये पण घराणी आहेत. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये साधारण ४० टक्के पीव्ही, म्हणजे पार्व्हाल्ब्युमिन हे प्रोटीन असणाऱ्या. यातल्या बास्केट पेशी समोरच्या न्यूरॉनच्या मुख्य शरीरावरच जाऊन बसतात आणि फार वेगाने काम करतात. साधारण ३० टक्के सॉम, म्हणजे सोमॅटोस्टॅटिनवाल्या, यांचं लक्ष लांबच्या डेंड्राइट्सवर, म्हणजे न्यूरॉनच्या फांद्यांवर. आणि तिसऱ्या ३० टक्क्यांच्या गटात व्हीआयपी पेशी येतात, त्यांची खासियत अशी की त्या मुख्यतः सॉमलाच दाबतात. तूर्त पहिल्या शीटमध्ये आपण हे सगळे भेद विसरून एकच इनहिबिटरी गट धरणार आहोत.

पायरी १: शीट मांडणं

कल्पना १९७२ ची आहे. ह्यू विल्सन आणि जॅक कोवन यांनी एकेक न्यूरॉन न मोजता अख्ख्या गटाचा सरासरी फायरिंग रेट एक आकडा म्हणून धरला आणि दोन गटांची दोन समीकरणं मांडली. आपण त्याचंच सोपं रूप घेतोय.

ए कॉलममध्ये वेळ, मिलिसेकंदात, ० पासून ३०० पर्यंत, दुसऱ्या रांगेपासून खाली. बी कॉलम एक्सायटेटरी गटाचा रेट, सी कॉलम इनहिबिटरी गटाचा रेट. डी कॉलम म्हणजे इनहिबिटरी गटाला बाहेरून मिळणारा इनपुट, त्यात ० ते ९९ मिलिसेकंदांच्या रांगांत ४ भरा आणि १०० पासून शेवटपर्यंत ६. ही जी ४ वरून ६ ची उडी आहे ना, ती म्हणजे आपला लेझर.

आता लांब बाजूला जे कॉलममध्ये पाच आकडे ठेवा. जे१ मध्ये २, हे एक्सायटेटरी गट स्वतःलाच किती जोरात ढकलतो त्याचं वजन. जे२ मध्ये २, इनहिबिटरी गट एक्सायटेटरीला किती दाबतो. जे३ मध्ये २, एक्सायटेटरी गट इनहिबिटरीला किती ढकलतो. जे४ मध्ये १, इनहिबिटरी गट स्वतःलाच किती दाबतो (हो, पीव्ही पेशी एकमेकींनाही दाबतात आणि चांगल्याच जोरात दाबतात). जे५ मध्ये १०, एक्सायटेटरी गटाला बाहेरून, म्हणजे थॅलॅमसकडून (डोळे-कान यांची माहिती कॉर्टेक्सला पोचवणारं मेंदूतलं केंद्र) वगैरे, मिळणारा इनपुट.

बी२ आणि सी२ मध्ये ० टाका. मग बी३ मध्ये हा फॉर्म्युला, अक्षरं अर्थातच शीटमध्ये नेहमीसारखी इंग्रजीतून टाइप करायची आणि गुणाकाराला स्टार:

= बी२ + (−बी२ + मॅक्स(०, जे१×बी२ − जे२×सी२ + जे५)) / २०

आणि सी३ मध्ये:

= सी२ + (−सी२ + मॅक्स(०, जे३×बी२ − जे४×सी२ + डी२)) / १०

जे च्या सगळ्या पत्त्यांना डॉलरचं चिन्ह लावायला विसरू नका नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना ते पण खाली सरकतात आणि सगळं शून्य-शून्य दिसायला लागतं. मग दोन्ही फॉर्म्युले शेवटच्या रांगेपर्यंत ओढा. मॅक्स कशासाठी तर फायरिंग रेट शून्याखाली जाऊ शकत नाही म्हणून. २० आणि १० हे दोन गटांचे टाइम कॉन्स्टंट, मिलिसेकंदात, इनहिबिटरी गट जास्त चपळ म्हणून त्याला १०. वाचताना फॉर्म्युला असा वाचा: आत्ताचा रेट, अधिक जिथे जायचंय तिथपर्यंतच्या अंतराचा एक छोटा तुकडा. एवढंच आहे ते, याला कॅल्क्युलस म्हणून घाबरायचं काही कारण नाही.

बी आणि सी दोन्ही सिलेक्ट करून लाइन चार्ट काढा. पहिल्या १०० मिलिसेकंदात एक्सायटेटरी रेषा ६ वर आणि इनहिबिटरी ८ वर येऊन स्थिरावली पाहिजे. हे आकडे स्पाइक्स प्रति सेकंद म्हणून वाचले तरी चालतील पण त्यांना फार शब्दशः घेऊ नका, आपल्याला दिशा बघायच्यात.

पायरी २: लेझर लावल्यावर पहिले २० मिलिसेकंद डोळ्यात तेल घालून बघा

या पायरीवर घाई करू नका, अख्खा लेख यासाठीच आहे.

१०० ला बाहेरचा इनपुट ४ चा ६ झाला. १०१ च्या रांगेत (म्हणजे ए कॉलममध्ये जिथे १०१ आहे ती रांग, इथून पुढे रांगांचे आकडे असेच वाचा) इनहिबिटरी गट ८ वरून ८.२ झालाय, एक्सायटेटरी अजून ६ वरच. १०२ ला ८.३६ आणि ५.९८. १०३ ला ८.४८ आणि ५.९४. इथपर्यंत ब्रेकवाली गोष्ट बरोबर चाललीये, इनहिबिशन वाढतंय आणि एक्सायटेशन घसरतंय. १०७ च्या आसपास इनहिबिटरी गट साधारण ८.६९ ला पोचतो आणि तिथून वळतो. का वळतो? कारण त्याला लेझर एकटा चालवत नव्हता, त्याचा मोठा खुराक एक्सायटेटरी गटाकडून येत होता आणि तो गट आता खाली चाललाय. गणित करून बघा ना: सुरुवातीला एक्सायटेटरीकडून येणारा खुराक २ गुणिले ६, म्हणजे १२ होता, आणि लेझरने दिलेली भर फक्त २ ची. एक्सायटेटरी जसजसा उतरतो तसतसा हा १२ कमी होत जातो आणि २ ची भर त्यात बुडून जाते. १२० च्या रांगेपर्यंत इनहिबिटरी रेट मूळच्या ८ च्याही खाली गेलेला असतो, मग १५० च्या आसपास ६.९४ पर्यंत किंचित जास्तच खाली जाऊन ७ वर येऊन थांबतो. एक्सायटेटरी थांबतो ४ वर.

म्हणजे इनहिबिटरी गटाला जास्त इनपुट दिला आणि शेवटी दोन्ही गट कमी झाले, ६ चा ४ आणि ८ चा ७. याला पॅराडॉक्सिकल इफेक्ट म्हणतात. १९९७ मध्ये त्सोडिक्स, स्कॅग्स, सेज्नॉव्स्की आणि मॅकनॉटन यांनी हे गणितातून दाखवलं, आणि गंमत म्हणजे ते हिप्पोकॅम्पसचा (मेंदूचा आठवणींशी जोडलेला भाग) विचार करत होते, सेन्सरी कॉर्टेक्सचा नाही. सेन्सरी कॉर्टेक्समध्ये याचा ठोस पुरावा २००९ मध्ये आला, ओझेकी, फिन, शॅफर, मिलर आणि फर्स्टर यांचा. त्यांनी मांजराच्या व्ही-वनमध्ये पेशीच्या आतून रेकॉर्डिंग केलं. व्ही-वनच्या पेशीला तिच्या आवडीच्या जागेच्या बाहेरही चित्र दाखवलं, म्हणजे मोठं चित्र दाखवलं, की तिचा प्रतिसाद कमी होतो, याला सराउंड सप्रेशन म्हणतात. सरळ विचार केला तर वाटेल की इनहिबिशन वाढलं म्हणून प्रतिसाद दबला. प्रत्यक्षात स्थिरावल्यावर पेशीला मिळणारं एक्सायटेशन आणि इनहिबिशन दोन्ही घटलेली निघाली. तुमच्या शीटमधल्या ७ आणि ४ सारखीच.

पायरी ३: हे कधी होतं आणि कधी होत नाही

आता फक्त जे१ बदला, बाकी कशाला हात लावू नका. ९९ ची रांग आणि ३०० ची रांग, या दोनच बघायच्या.

जे१ ला ०.५ करा. लेझरआधी एक्सायटेटरी २.४, इनहिबिटरी ४.४. लेझरनंतर १.६ आणि ४.६. इथे ब्रेकवाली गोष्ट शंभर टक्के खरी, इनहिबिटरी वर गेला एक्सायटेटरी खाली आला. जे१ ला १ करा: एक्सायटेटरी ३ चा २ होतो, आणि इनहिबिटरी ५ चा ५ च राहतो, मध्ये जरा हलतो आणि परत ५ वर. १ च्या वर कुठलाही आकडा घाला, इनहिबिटरी खाली जायला लागतो. २.५ घातलात तर १४ वरून ११. आणि ३ घातलात तर शीट हाताबाहेर जातं, एक्सायटेटरी वाढतच सुटतो.

म्हणजे सगळा खेळ एक्सायटेटरी गट स्वतःला किती ढकलतो यावर आहे. ते वजन १ च्या वर असेल तर तो गट एकटा असता तर फुटला असता, इनहिबिशनने त्याला धरून ठेवलंय. अशा नेटवर्कला इनहिबिशन-स्टॅबिलाइज्ड नेटवर्क म्हणतात. २०२० मध्ये सान्झेनी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या व्हिज्युअल, सोमॅटोसेन्सरी आणि मोटर अशा वेगवेगळ्या भागांत हाच पॅराडॉक्सिकल इफेक्ट ऑप्टोजेनेटिक्सने (पेशींत लाइटला प्रतिसाद देणारं चॅनल घालून त्यांना लाइटने चालवण्याची पद्धत) दाखवला, आणि तोही कुठलं खास चित्र वगैरे न दाखवता, नुसत्या चालू अवस्थेत. मला स्वतःला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण याचा अर्थ असा की आपला कॉर्टेक्स साध्या शांत क्षणीसुद्धा इनहिबिशनच्याच आधाराने उभा असतो.

पायरी ४: इनहिबिशन गोठवा

जे१ परत २ करा आणि मग शीटची डुप्लिकेट टॅब करा. सी कॉलममधले फॉर्म्युले काढून सगळीकडे ८ हा आकडा भरा, म्हणजे इनहिबिशन आहे पण ते आता प्रतिसाद देत नाही. बी२ मध्ये ६.१ टाका. इनहिबिशन तेवढंच आहे जेवढं आधी होतं आणि आपण समतोलापासून फक्त ०.१ ने सरकलोय. दर मिलिसेकंदाला हे अंतर ५ टक्क्यांनी वाढतं, १०० व्या मिलिसेकंदाला एक्सायटेटरी १९ च्या वर आणि २०० ला १,७०० च्या वर. बी२ मध्ये ५.९ टाकलं तर उलटी तऱ्हा, सगळं विझून शून्यावर. ६ वर उभं राहणं अशक्यच होतं.

तुलनेसाठी जे१ ला ०.५, सी कॉलममध्ये सगळीकडे ४.४ आणि बी२ ला २.५ टाकून बघा, तो निमूटपणे २.४ वर परत येतो.

हे शीटमधलं वागणं खऱ्या मेंदूत काय दिसतं? प्राण्याच्या कॉर्टेक्सवर बिक्युक्युलिन किंवा पिक्रोटॉक्सिनसारखं गाबा-ए रिसेप्टर बंद करणारं रसायन जास्त प्रमाणात टाकलं तर फिट्ससारखी अॅक्टिव्हिटी सुरू होते. खरे न्यूरॉन्स १,७०० पर्यंत जात नाहीत, त्यांना फायरिंगची वरची मर्यादा असते, पण पळत सुटण्याची जात हीच. ड्रॅव्हे सिंड्रोम हा बाळाच्या पहिल्या वर्षात सुरू होणारा एपिलेप्सीचा गंभीर आजार, त्यात बहुतेकदा एससीएन-वन-ए या जीनमध्ये दोष असतो. हा जीन एका सोडियम चॅनलचा, आणि तो चॅनल बिघडला की फटका मुख्यतः इनहिबिटरी पेशींना बसतो, त्यांना भराभर फायर करता येत नाही. म्हणूनच सोडियम चॅनल दाबणारी कार्बमॅझेपिनसारखी फिट्सची औषधं या आजारात उलट त्रास वाढवू शकतात आणि डॉक्टर ती टाळतात. एरवी फिट्सवर चालणारं औषध इथे का चालत नाही हे ब्रेकच्या जोडीला पेशीचा प्रकार लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही.

पायरी ५: अर्ध्याच पेशींवर लेझर पडला तर?

पेपर वाचताना ही पायरी सगळ्यात जास्त उपयोगी पडते. ऑप्टोजेनेटिक्समध्ये लाइटला प्रतिसाद देणारं चॅनल पेशींत घालायला बऱ्याचदा व्हायरस टोचतात, आणि व्हायरस सगळ्या पेशींत पोचत नाही.

पहिल्या टॅबची नवी कॉपी करा. सी कॉलम लेझरवाला अर्धा इनहिबिटरी गट, डी कॉलम त्याचा इनपुट (आधीसारखाच ४ मग ६), ई कॉलम लेझर न पोचलेला अर्धा गट, त्याचा इनपुट कायम ४. एक्सायटेटरीच्या फॉर्म्युल्यात जिथे सी२ होतं तिथे सी२ आणि ई२ ची सरासरी घाला. दोन्ही इनहिबिटरी फॉर्म्युल्यांतही जे४ ला गुणायला तीच सरासरी घ्या, कारण दोन्ही अर्धे एकमेकांना सारखेच दाबतात. फॉर्म्युल्याच्या सुरुवातीचं स्वतःचं सी२ किंवा ई२ मात्र तसंच राहू द्या.

शेवटची रांग बघा. एक्सायटेटरी ६ चा ५. लेझरवाला अर्धा ८ चा ८.५, म्हणजे वर. लेझर न पोचलेला अर्धा ८ चा ६.५, म्हणजे चांगलाच खाली. सरासरी ७.५, म्हणजे गट म्हणून पाहिलं तर पॅराडॉक्स आहेच, पण इलेक्ट्रोड नेमका कुठल्या पेशीजवळ बसला यावर तुम्हाला दिसणारं उत्तर पूर्ण उलटं होऊ शकतं. त्यामुळे एखाद्या पेपरमध्ये लेझरने पीव्ही पेशी वर गेल्या असं लिहिलं असेल तर नेटवर्क इनहिबिशन-स्टॅबिलाइज्ड नाही असा निष्कर्ष लगेच काढू नका, आधी किती टक्के पेशींत चॅनल पोचलं होतं ते मेथड्समध्ये शोधा.

पायरी ६: वजा की भागिले

ट्यूनिंगकडे येऊ. व्ही-वनची पेशी ठरावीक कोनातल्या रेषेला जास्त प्रतिसाद देते. नवीन टॅबमध्ये पाच कोन लिहा, −६०, −३०, ०, ३०, ६०, आणि त्यांच्यासमोर प्रतिसाद ४, ७, १०, ७, ४. एका कॉलममध्ये सगळ्यांतून ३ वजा करा: १, ४, ७, ४, १. दुसऱ्यात सगळ्यांना २ ने भागा: २, ३.५, ५, ३.५, २. मूळ पेशीत आवडता कोन नावडत्यापेक्षा अडीचपट होता, भागल्यावरही अडीचपटच आहे, वजा केल्यावर मात्र सातपट झाला. भागाकाराने आवाज कमी झाला पण पसंती तीच राहिली, वजाबाकीने पेशी जास्त चोखंदळ झाली.

खरा कॉर्टेक्स यातलं काय करतो यावर २०१२ मध्ये जोरदार वाद झाला. एकाच वर्षात तीन गटांनी उंदराच्या व्ही-वनमध्ये पीव्ही पेशींवर काम प्रसिद्ध केलं. बर्कलीच्या गटाला पीव्ही जागं केल्यावर ट्यूनिंग धारदार झालेलं दिसलं, एमआयटीच्या गटाला पीव्ही भागाकार करतात आणि सॉम वजाबाकी करतात असं दिसलं, आणि सॅन डिएगोच्या गटाला पीव्ही मुख्यतः प्रतिसादाची पट्टी लहान-मोठी करतात, ट्यूनिंगला फारसा धक्का न लावता. नंतरच्या चर्चेत लेझर किती जोराचा, किती वेळ, चित्राच्या तुलनेत कधी सुरू केला, या गोष्टी पुढे आल्या. माझं मत विचाराल तर पीव्ही म्हणजे भागिले आणि सॉम म्हणजे वजा असं पाठ करून ठेवणं हे नुकसानीचंच आहे. फायरिंगच्या उंबरठ्यामुळे तीच पेशी कमी जोरात एक आणि जास्त जोरात दुसरं गणित केल्यासारखी दिसू शकते. गाबा बंद केला तर काय, हा प्रश्न तर सिलिटोने १९७५ मध्येच मांजराच्या व्ही-वनमध्ये बिक्युक्युलिन वापरून विचारला होता, आणि कोनाची पसंती बऱ्याच पेशींत ढासळलेली त्याला दिसली होती. प्रश्न तेव्हापासून जिवंत आहे.

पायरी ७: सॉम आणि व्हीआयपीला शीटमध्ये आणा

२०१३ मध्ये फेफर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या व्ही-वनच्या तुकड्यांत कोण कोणाला दाबतं याचा नकाशा काढला. थोडक्यात: पीव्ही एक्सायटेटरीला आणि एकमेकींना दाबतात, सॉम जवळजवळ सगळ्यांना दाबतात पण एकमेकींना सोडतात, व्हीआयपी मुख्यतः सॉमला दाबतात.

पहिल्या टॅबची नवी कॉपी करा, डी मध्ये सगळीकडे ४. सी कॉलमचा इनहिबिटरी गट आता पीव्ही धरा, ई कॉलम सॉम, एफ कॉलम व्हीआयपी, आणि एफ मध्ये ० ते ९९ ला ० आणि १०० नंतर ३ भरा. जे६ मध्ये ०.५ टाका, हे सॉम पीव्हीला किती दाबतं त्याचं वजन. एक्सायटेटरीच्या मॅक्सच्या आत शेवटी − ई२ जोडा. पीव्हीच्या मॅक्सच्या आत − जे६×ई२ जोडा. सॉमचा फॉर्म्युला: ई२ + (−ई२ + मॅक्स(०, बी२ − एफ२)) / २०.

व्हीआयपी शांत असताना एक्सायटेटरी ४, पीव्ही ५, सॉम ४. व्हीआयपी ३ वर गेल्यावर एक्सायटेटरी ५, पीव्ही ६.५, सॉम २. म्हणजे एका इनहिबिटरी गटाला जागं केलं आणि एक्सायटेटरी वाढला. याला डिसइनहिबिशन म्हणतात, दाबणाऱ्यालाच दाबणं. फू आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की उंदीर पळायला लागला की व्ही-वनमधल्या व्हीआयपी पेशी जाग्या होतात आणि एक्सायटेटरी पेशींचे चित्राला मिळणारे प्रतिसाद वाढतात, तोच हा मार्ग. व्हीआयपीला ६ केलंत तर सॉम शून्यावर जातं, एक्सायटेटरी ६, पीव्ही ८, म्हणजे तुम्ही परत पहिल्या टॅबच्या नेटवर्कमध्ये आलात. त्याच्या पुढे व्हीआयपी कितीही वाढवा, दाबायला सॉमच उरलेलं नाही.

आता जे६ बदला. ०.५ चा १ करा. व्हीआयपी ० असो की ३, एक्सायटेटरी ६ च्या ६ वर. सॉम एका हाताने एक्सायटेटरीला दाबतंय आणि दुसऱ्या हाताने पीव्हीला दाबून तेवढंच मोकळं करतंय, दोन्ही बरोबर फिटतं. १.५ करा आणि सगळं उलटतं (इथे रेषा फार सावकाश स्थिरावतात, म्हणून एफ मध्ये एकदा सगळीकडे ० आणि एकदा सगळीकडे ३ भरून शेवटची रांग बघा), व्हीआयपी ० असताना एक्सायटेटरी साधारण १२, व्हीआयपी ३ केल्यावर साधारण ९. तेच सॉम आता नेटवर्कला वर उचलतंय. हे नुसतं गणितातलं नाही बरं का, उंदराच्या मिशांच्या भागात, म्हणजे सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्समध्ये, थॅलॅमसचा माल जिथे उतरतो त्या चौथ्या थरात सॉम पेशी मुख्यतः पीव्हीवरच जाऊन बसतात आणि तिथे त्या डिसइनहिबिशन करतात, असं श्यू आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं. तर वरच्या दोन-तीन थरांत, व्ही-वनमध्ये, त्याच नावाच्या पेशी सराउंड सप्रेशनला हातभार लावतात असं अॅडेस्निक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं. पेशीचं नाव तेच, थर बदलला, काम बदललं.

पायरी ८: टाइम कॉन्स्टंट हलवून बघा, हे पटकन

पहिल्या टॅबवर परत या आणि इनहिबिटरी फॉर्म्युल्यातला भाजक १० चा ४५ करा. आता रेषा स्थिरावत नाहीत, वरखाली होत राहतात. इनहिबिशन तेवढंच आहे पण उशिरा येतंय. पीव्ही पेशी इतक्या वेगवान का हव्यात याचं एक उत्तर इथे मिळतं. २००३ मध्ये वेअर आणि झेडोर यांनी उंदराच्या ऑडिटरी कॉर्टेक्समध्ये (ते घुशीएवढे मोठे उंदीर होते) मोजलं तर आवाज आल्यावर एक्सायटेशन येतं आणि जेमतेम काही मिलिसेकंदांत तेवढ्याच तोलाचं इनहिबिशन येऊन खिडकी बंद करतं, त्यामुळे स्पाइक नेमक्या वेळी पडतो. लाटांबद्दल सांगायचं तर गॅमा रिदम, साधारण ३० ते ८० हर्ट्झ, पीव्ही पेशींना लाइटने चालवून निर्माण करता येतो हे २००९ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दाखवलंय. आपलं दोन ओळींचं शीट मात्र ४५ ला त्यापेक्षा बऱ्याच संथ लाटा देतं, गॅमासाठी सिनॅप्सचा (दोन न्यूरॉन्समधल्या जोडाचा) उशीर वेगळा धरावा लागतो.

शीटच्या पुढे जायचं असेल तर

शीटमध्ये गट आहेत, स्पाइक नाहीत. स्पाइकवालं मॉडेल करायचं तर पायथनमधलं ब्रायन-टू घ्या, फुकट आहे, समीकरणं जवळजवळ वहीत लिहितो तशीच टाइप करता येतात, आणि लॅपटॉप जुना असेल तर गुगल कोलॅबवर चालवा. न्यूरोमॅच अकॅडमीचं कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचं सगळं साहित्य इंटरनेटवर मोफत आहे, त्यात विल्सन-कोवनचं ट्युटोरियल आहे, इथलं शीट हाताने केलेलं असेल तर ते भरभर सुटतं. खरा डेटा हवा असेल तर अॅलन इन्स्टिट्यूटने उंदराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सची रेकॉर्डिंग्स, पीव्ही, सॉम आणि व्हीआयपी पेशी वेगळ्या ओळखता येतील अशी, सगळ्यांसाठी खुली ठेवलीयेत. पुण्यातल्या आयसरमध्येही मेंदूच्या नेटवर्क्सचं मॉडेलिंग चालतं, समर प्रोजेक्टसाठी कुणाला ईमेल करणार असाल तर मला न्यूरोसायन्स आवडतं असं लिहिण्यापेक्षा पायरी ५ चा चार्ट जोडा आणि खाली एक नेमका प्रश्न लिहा.

आणि पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा त्यातल्या इनहिबिशन वाढलं या शब्दांवर थांबून बघा की लेखक नेमकं काय वाढलं म्हणतायत: इनहिबिटरी पेशींना मिळणारा इनपुट, त्या पेशींचा फायरिंग रेट, की एक्सायटेटरी पेशीत मोजलेला गाबाचा करंट. पहिल्या टॅबमध्ये इनपुट ४ चा ६ झाला होता आणि रेट ८ चा ७, त्यामुळे यातलं एक वाढलं म्हणून दुसरंही वाढलं असेल असं धरता येत नाही. करंट मोजलेला असेल तर तो लेझरनंतर किती मिलिसेकंदांनी मोजलाय तेही बघा, कारण आपल्याच शीटमध्ये ७ व्या मिलिसेकंदाचं उत्तर आणि १०० व्या मिलिसेकंदाचं उत्तर एकमेकांच्या उलट आहे.